६ टेराबाइटच्या डेटाबेससाठी इन्क्रिमेंटल बॅकअपची साखळी किती लांब ठेवावी?

प्रश्न

नमस्कार. आमचा मुख्य डेटाबेस पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या १७ व्या आवृत्तीवर चालतो आणि त्याचा आकार आता ६ टेराबाइटच्या आसपास पोहोचला आहे. आजवर आम्ही दररोज रात्री संपूर्ण बॅकअप घेत आलो. डेटाबेस लहान असताना हे काम दोन तासांत उरकत असे. आता त्याला नऊ तास लागतात आणि ते सकाळच्या गर्दीच्या वेळेत शिरून डिस्कवर ताण आणते. त्यामुळे इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त बदललेला भाग घेणाऱ्या, बॅकअपकडे वळायचे हे नक्की झाले आहे, पण कोणत्या पद्धतीने वळायचे याबद्दल आमच्यात एकमत होत नाही.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिल्यात रविवारी संपूर्ण बॅकअप घ्यायचा आणि सोमवारपासून दररोज फक्त आदल्या दिवसानंतरचे बदल घ्यायचे. दुसऱ्यात रविवारचा संपूर्ण बॅकअप हाच पाया धरून दररोज त्याच्यानंतरचे सगळे बदल पुन्हा घ्यायचे. तिसऱ्यात संपूर्ण बॅकअप महिन्यातून एकदाच घ्यायचा आणि मधल्या काळात इन्क्रिमेंटल व वॉल आर्काइव्ह (प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद ठेवणाऱ्या वॉल या लॉगच्या जपून ठेवलेल्या फाइली) यांवर भिस्त ठेवायची. आमच्याकडे दिवसाला एकूण नोंदींपैकी सुमारे एक टक्का नोंदी बदलतात, म्हणून रोजचा इन्क्रिमेंटल ६० गीगाबाइटच्या आसपास येईल असा माझा हिशेब आहे. तो बरोबर असेल तर महिनाभराची साखळीसुद्धा फार जड होणार नाही असे वाटते.

आमच्यावर दोन बंधने आहेत. काहीही झाले तरी १५ मिनिटांपेक्षा जास्त काळाचा डेटा जाता कामा नये आणि डेटाबेस ४ तासांच्या आत पुन्हा उभा राहिला पाहिजे. या बंधनांत कोणता पर्याय बसेल आणि निर्णय घेण्यापूर्वी मी नेमके काय मोजावे, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.

उत्तर १

आपण प्रश्न नीट मांडला आहे, पण त्यातला ६० गीगाबाइटचा आकडा मला धोक्याचा वाटतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. एक टक्का नोंदी बदलल्या म्हणजे एक टक्का डेटा बदलला, असे बॅकअपच्या दृष्टीने होत नाही, कारण इन्क्रिमेंटल बॅकअप नोंदी मोजत नाही, पाने मोजतो. पान म्हणजे डेटा साठवण्याचा ठरावीक आकाराचा ठोकळा, आणि पोस्टग्रेसचे एक पान ८ किलोबाइटचे असते. समजा आपल्या टेबलात एका पानावर सरासरी ८० नोंदी मावतात आणि रोज बदलणाऱ्या एक टक्का नोंदी टेबलभर विखुरलेल्या आहेत. एखाद्या पानावरच्या ८० पैकी एकाही नोंदीला हात लागला नसेल याची शक्यता ०.९९ चा ८० वा घात, म्हणजे सुमारे ४५ टक्के येते. याचा अर्थ उरलेली ५५ टक्के पाने त्या दिवशी बदललेली असतील आणि तेवढी सगळी इन्क्रिमेंटलमध्ये येतील. ६ टेराबाइटच्या हिशेबात हा आकडा ६० गीगाबाइट नसून ३ टेराबाइटच्या पुढे जातो.

हे अर्थातच टोकाचे उदाहरण आहे. आपले बदल मुख्यतः ताज्या नोंदींवर होत असतील, म्हणजे आजच्या व्यवहारांच्या नोंदी आज आणि उद्याच बदलत असतील आणि सहा महिन्यांपूर्वीच्या नोंदींना कोणी हात लावत नसेल, तर बदल मोजक्या पानांत एकवटतात आणि आपला अंदाज सत्याच्या बराच जवळ जातो. म्हणूनच पर्याय निवडण्याच्या आधी बदल किती होतात यापेक्षा ते कुठे होतात हे पाहणे गरजेचे आहे. इंडेक्सचाही (नोंदी लवकर शोधण्यासाठीच्या सूचीचाही) विचार करा, कारण एका नोंदीच्या बदलामुळे टेबलाच्या पानाबरोबर दोन-चार इंडेक्सची पानेही बदलू शकतात. शिवाय पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे नोंदीची नवी आवृत्ती लिहिणे असते आणि ती आवृत्ती वेगळ्या पानावर गेली तर जुने व नवे अशी दोन्ही पाने बदललेली धरली जातात.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ज्या जुन्या टेबलात काहीच बदलत नाही असे आपण समजतो, तिथेही व्हॅक्यूम या पोस्टग्रेसच्या साफसफाईची फ्रीझ प्रक्रिया (जुन्या नोंदींवर कायमची खूण करण्याचे काम) एखाद्या दिवशी पोहोचते आणि सारी पाने नव्याने लिहून ठेवते. मूळ सेटिंगनुसार टेबलाचे वय २० कोटी ट्रान्झॅक्शनच्या पुढे गेले की ऑटोव्हॅक्यूम हे सक्तीने करतो. त्या रात्रीचा इन्क्रिमेंटल अचानक कित्येक पटींनी फुगतो, बॅकअप ठेवण्याची जागा भरते आणि कारण सापडेपर्यंत सगळे चक्रावून जातात. टेबले महिन्यावार पार्टिशन केलेली (वेगळ्या भागांत विभागलेली) असतील, तर महिना संपताच बंद झालेल्या पार्टिशनवर आपणच व्हॅक्यूम फ्रीझ चालवून हा खर्च आपल्या सोयीच्या रात्री करून टाकणे चांगले.

मोजणीचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे प्रत्यक्ष घेऊन पाहणे. पोस्टग्रेस १७ मध्ये इन्क्रिमेंटल बॅकअप मूळ सर्व्हरमध्येच आला आहे. समराइझ वॉल हे सेटिंग चालू केले की कोणती पाने बदलली याचा गोषवारा सर्व्हर स्वतः लिहीत राहतो आणि बेसबॅकअप या पोस्टग्रेसच्या बॅकअप साधनाला आधीच्या बॅकअपची मॅनिफेस्ट फाइल (त्यातल्या फाइलींची यादी) दिली की तो त्या गोषवाऱ्यावरून फक्त बदललेली पाने उचलतो. हे सेटिंग मुळात बंद असते आणि ते पायाचा संपूर्ण बॅकअप घेण्याच्या आधी चालू करावे लागते. आठवडाभर पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही पद्धतींनी बॅकअप घ्या आणि आकडे लिहून ठेवा. त्याच आठवड्यात दररोज किती वॉल तयार होतो आणि एका दिवसाचा वॉल पुन्हा चालवायला, म्हणजे त्यातले बदल बॅकअपच्या प्रतीवर लागू करायला, किती वेळ लागतो, हेही मोजा.

तिसऱ्या पर्यायाचा विचार करताना हे गोषवारे किती दिवस टिकतात हे विसरू नका. मूळ सेटिंगनुसार ते १० दिवसांनी काढून टाकले जातात. महिन्याच्या पहिल्या तारखेचा बॅकअप पाया धरून विसाव्या दिवशी इन्क्रिमेंटल घ्यायला गेलात, तर मधले गोषवारे नाहीत म्हणून तो होणारच नाही. ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्येही अशीच मर्यादा वेगळ्या रूपात आहे. तिथली ब्लॉक चेंज ट्रॅकिंग फाइल बदलांचे जास्तीत जास्त ८ नकाशे ठेवते. लेव्हल शून्य या पायाच्या बॅकअपनंतर सात इन्क्रिमेंटल घेऊन आठवा क्युम्युलेटिव्ह (पायानंतरचे सगळे बदल घेणारा) घेतला, तर पायाचा नकाशा पुसला गेलेला असतो आणि बॅकअप होतो खरा, पण त्यासाठी सगळे ब्लॉक (तिथली पाने) वाचावे लागतात.

आपण पीजीबॅकरेस्टसारखे साधन वापरणार असाल तर एक भेद लक्षात ठेवा. त्याची मूळ पद्धत फाइलच्या पातळीवर चालते, म्हणजे फाइल बदललेली दिसली की ती पूर्ण उचलली जाते. पोस्टग्रेस मोठे टेबल १ गीगाबाइटच्या तुकड्यांत साठवतो आणि अशा एका तुकड्यात १,३१,०७२ पाने असतात. त्यांपैकी एक पान बदलले तरी अख्खा तुकडा बॅकअपमध्ये येतो. विखुरलेल्या बदलांच्या डेटाबेसवर असा इन्क्रिमेंटल जवळजवळ संपूर्ण बॅकअपएवढाच होतो. ब्लॉक पातळीवरचा इन्क्रिमेंटल त्या साधनात आहे, पण तो मुद्दाम चालू करावा लागतो.

उत्तर २

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. मला शब्दांबद्दल आणि पायाबद्दल थोडे सांगायचे आहे, कारण या दोन गोष्टींनी मला एकदा चांगलेच अडचणीत आणले होते.

आपला दुसरा पर्याय एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसच्या परिभाषेत डिफरन्शियल म्हटला जातो. ओरॅकलच्या आरमॅन या बॅकअप साधनात मात्र डिफरन्शियल म्हणजे शेवटच्या कोणत्याही इन्क्रिमेंटलनंतरचे बदल, म्हणजे आपला पहिला पर्याय, आणि दुसऱ्या पर्यायाला तिथे क्युम्युलेटिव्ह म्हणतात. आपल्या चमूत दोन्हीकडची माणसे असतील, तर बैठकीत सर्वांनी एकच शब्द उच्चारून दोन वेगळ्या गोष्टी मनात धरण्याची शक्यता खरी आहे. म्हणून कागदावर नाव लिहिण्याऐवजी ‘कशानंतरचे बदल’ हे स्पष्ट लिहावे.

आता पायाबद्दल. मी पूर्वी जिथे काम करत होतो तिथे एसक्यूएल सर्व्हरवर रविवारी संपूर्ण आणि रोज रात्री डिफरन्शियल, शिवाय दर दहा मिनिटांनी लॉग बॅकअप अशी व्यवस्था होती. एका मंगळवारी चाचणी विभागाला ताजी प्रत हवी होती म्हणून एका सहकाऱ्याने हाताने संपूर्ण बॅकअप घेतला, प्रत दिली आणि जागा अडते म्हणून ती फाइल काढून टाकली. कॉपी ओन्ली हा पर्याय त्याने निवडला नव्हता. त्यामुळे डिफरन्शियलचा पाया रविवारऐवजी त्या मंगळवारच्या बॅकअपवर सरकला आणि त्यानंतरचे सगळे डिफरन्शियल अस्तित्वात नसलेल्या फाइलवर आधारलेले राहिले. रोज रात्री काम यशस्वी झाल्याची नोंद मात्र येत होती. शुक्रवारी डिस्क गेली तेव्हा आमच्या हातात रविवारचा संपूर्ण बॅकअप, सोमवार रात्रीचा डिफरन्शियल आणि लॉगच्या शेकडो फाइली एवढेच उपयोगाचे उरले. संपूर्ण बॅकअपमुळे लॉगची साखळी तुटत नाही म्हणून डेटा वाचला, पण तीन तासांच्या कामाला अकरा तास लागले. त्या रात्रीनंतर मी कोणत्याही व्यवस्थेकडे पाहताना पहिला प्रश्न हाच विचारतो, की पायाचा बॅकअप कोण बदलू शकतो आणि तो जागेवर आहे हे कोण तपासते.

पोस्टग्रेसमध्ये पाया मॅनिफेस्टमधून आपणच सांगत असल्यामुळे हा विशिष्ट घोटाळा होत नाही. तरी जुने बॅकअप काढून टाकणारी स्क्रिप्ट केवळ फाइलचे वय पाहत असेल, तर ती कधीतरी अजून वापरात असलेल्या साखळीचा पाया काढून टाकेल. कोणता बॅकअप कशावर अवलंबून आहे याचा हिशेब बेसबॅकअप स्वतः ठेवत नाही. तो आपणच ठेवायचा असतो.

मायएसक्यूएल वापरणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर जाता जाता एक सूचना. एक्स्ट्राबॅकअप या बॅकअप साधनाची साखळी जोडताना शेवटचा इन्क्रिमेंटल सोडून प्रत्येक टप्प्यावर अप्लाय लॉग ओन्ली द्यावे लागते. ते विसरले तर अपुरे ट्रान्झॅक्शन मधेच मागे घेतले जातात आणि पुढचे इन्क्रिमेंटल त्या प्रतीवर बसत नाहीत. ही चूक बॅकअप घेताना दिसत नाही, रिस्टोर करतानाच दिसते. म्हणून हाताशी असलेल्या प्रतीवर थेट प्रयोग करू नये, तिची नक्कल करून मगच हात लावावा.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे आठवडाभर मोजणी केली आणि माझा पहिला अंदाज सपशेल चुकल्याचे दिसले.

रोजचा इन्क्रिमेंटल ६० नव्हे तर ४०० गीगाबाइटच्या आसपास आला. शोध घेतल्यावर कळले की बहुतेक बदल ताज्या पार्टिशनमध्येच होतात, पण ग्राहकांची सद्यस्थिती ठेवणारे एक टेबल असे आहे की त्यात दिवसभर विखुरलेल्या नोंदी बदलतात आणि त्या टेबलावर सात इंडेक्स आहेत. रविवारचा पाया धरून घेतलेला बॅकअप शनिवारपर्यंत १.३ टेराबाइटवर पोहोचला. तीच तीच पाने पुन्हा बदलत असल्यामुळे तो सहा दिवसांच्या बेरजेएवढा झाला नाही. दिवसाला सुमारे ९०० गीगाबाइट वॉल तयार होतो आणि चाचणीच्या सर्व्हरवर एका दिवसाचा वॉल पुन्हा चालवायला साडेतीन तास लागले. बॅकअपच्या साठ्यातून सर्व्हरवर डेटा आणण्याचा वेग सेकंदाला ३३० मेगाबाइट मिळाला.

या आकड्यांवरून मला जे दिसते त्याने मी अस्वस्थ झालो आहे. नुसते ६ टेराबाइट आणायलाच पाच तास लागतात. म्हणजे साखळी कशीही रचली तरी ४ तासांची अट पाळता येणार नाही, असेच ना?

उत्तर १ लिहिणाऱ्याचे पुढील उत्तर

आपण योग्य ठिकाणी पोहोचला आहात. सध्याच्या वेगाने कोणताही पर्याय ४ तासांत बसत नाही आणि हे आज कळले हे चांगले झाले. आता आकडे हातात असल्यामुळे पर्यायांची तुलना नेमकी करता येते. शनिवारी रात्री संकट आले असे धरू. पहिल्या पर्यायात ६ टेराबाइट अधिक सहा इन्क्रिमेंटलचे २.४ टेराबाइट, म्हणजे ८.४ टेराबाइट आणावे लागतील आणि त्याला सात तास लागतील. दुसऱ्यात ७.३ टेराबाइटला सहा तासांहून थोडे जास्त लागतील. त्यानंतर पीजी कंबाइनबॅकअपने हे तुकडे जोडून ६ टेराबाइटची अखंड प्रत पुन्हा लिहावी लागेल, आणि १७ मध्ये या साधनाला साध्या डिरेक्टरीच्या स्वरूपातले बॅकअप लागत असल्यामुळे तुकडे आणि जोडलेली प्रत या दोन्हींना एकाच वेळी जागा लागेल. त्याच्यावर वॉल पुन्हा चालवण्याचा वेळ आहेच. तिसऱ्या पर्यायाचा हिशेब मांडण्याचीही गरज उरत नाही.

माझी सूचना अशी, की साखळी जोडण्याचे काम संकटाच्या वेळेसाठी राखून न ठेवता ते रोजच्या वेळापत्रकात आणावे. बॅकअपच्या सर्व्हरवर कालची अखंड प्रत आणि आजचा इन्क्रिमेंटल एकत्र करून आजची अखंड प्रत बनवून ठेवायची. कंबाइनबॅकअपमधून निघालेली प्रत हा स्वतःच संपूर्ण बॅकअप असतो आणि पुढच्या जोडणीत तोच पाया म्हणून देता येतो. त्यामुळे साखळी कधीच दोन कड्यांपेक्षा लांब होत नाही आणि रिस्टोरच्या वेळी एकच तयार प्रत आणायची राहते. बॅकअपच्या सर्व्हरवरची फाइल सिस्टिम रेफलिंक (तोच डेटा पुन्हा न लिहिता दोन फाइलींत वापरणे) करू शकणारी असेल, उदाहरणार्थ एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस, तर क्लोन किंवा कॉपी फाइल रेंज या पर्यायांमुळे न बदललेला भाग पुन्हा लिहावा लागत नाही आणि जागाही वाचते. चेकसमसाठी (डेटा शाबूत आहे का हे ताडण्याच्या आकड्यांसाठी) फाइली वाचाव्या लागू शकतात, म्हणून जोडणीला लागणारा वेळ मात्र प्रत्यक्ष मोजा.

यानंतर दोन आकडे कमी करायचे राहतात. पहिला म्हणजे प्रत आणण्याचा वेग. ३३० मेगाबाइट हा एका प्रवाहाचा वेग असावा. समांतर चार-सहा प्रवाहांनी आणले आणि मधे १० गीगाबिटचे जाळे असले, तर सेकंदाला ७०० मेगाबाइट अवास्तव नाही आणि त्या वेगाने ६ टेराबाइटला सुमारे २ तास २३ मिनिटे लागतात. दुसरा आकडा वॉलचा. पोस्टग्रेसमध्ये वॉल पुन्हा चालवणारी प्रक्रिया एकच असते, ती समांतर होत नाही, त्यामुळे इथे वेळ वाचवण्याचा मार्ग म्हणजे चालवायचा वॉलच कमी ठेवणे. दिवसातून एकदा इन्क्रिमेंटल घेतला तर सर्वांत वाईट प्रसंगी साडेतीन तासांचा वॉल चालवावा लागेल. दर सहा तासांनी घेतला तर तोच वेळ पाऊण तास ते तासाभरावर येतो. माझ्या मते मोठ्या डेटाबेसवर इन्क्रिमेंटलचा खरा उपयोग हाच आहे. जागा वाचवणे हा त्याचा दुय्यम फायदा झाला. मुख्य काम वॉल पुन्हा चालवण्याचे अंतर आखूड करण्याचे.

१५ मिनिटांच्या अटीबद्दलही बोलले पाहिजे, कारण ती इन्क्रिमेंटलने नव्हे तर वॉल आर्काइव्हने पाळली जाते. वॉलचा एक तुकडा मुळात १६ मेगाबाइटचा असतो. दिवसाला ९०० गीगाबाइट म्हणजे सुमारे ५५ हजार तुकडे, म्हणजे सरासरी दीड सेकंदाला एक. आपली आर्काइव्ह कमांड एका वेळी एकच तुकडा पाठवत असेल आणि त्याला दोन सेकंद लागत असतील, तर आर्काइव्ह दिवसभर मागे पडत राहील, न पाठवलेले तुकडे मूळ सर्व्हरच्या डिस्कवर साचत राहतील आणि डिस्क भरली की डेटाबेसच थांबेल. तुकडे समांतर पाठवणारी असिंक्रोनस व्यवस्था करा आणि पीजी स्टॅट आर्काइव्हर या व्ह्यूवर लक्ष ठेवून शेवटचा तुकडा पाच मिनिटांपेक्षा जुना झाला की इशारा येईल असे पाहा. चेकपॉइंट टाइमआउट (बदललेली पाने डिस्कवर उतरवण्याच्या दोन वेळांतले कमाल अंतर) अजून मूळच्या ५ मिनिटांवर असेल तर तो वाढवूनही वॉल कमी होईल, कारण प्रत्येक चेकपॉइंटनंतर पान पहिल्यांदा बदलताना त्याची पूर्ण प्रत वॉलमध्ये लिहिली जाते. मात्र त्याने सर्व्हर कोसळल्यावर सावरण्याचा वेळ वाढतो, म्हणून बदल केल्यावर वॉल पुन्हा चालवण्याची वेळ नव्याने मोजा.

उत्तर ३

रोज जोडून अखंड प्रत बनवण्याची कल्पना चांगली आहे आणि मीही ती वापरतो, पण तिच्यात एक धोका दडलेला आहे आणि तो स्पष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. या पद्धतीत न बदललेले पान मूळ डेटाबेसमधून पुन्हा कधीच वाचले जात नाही. सहा महिन्यांपूर्वी उचललेले पान बॅकअपच्या डिस्कवर खराब झाले, तर तो खराब तुकडा दररोजच्या नव्या प्रतीत तसाच पुढे जात राहतो. उलट बाजूने, मूळ डेटाबेसमधले जुने पान खराब झाले तर तेही कोणाला कळत नाही, कारण ते बदललेले नसल्यामुळे त्याच्याकडे कोणी जात नाही. म्हणून महिन्यातून एकदा खराखुरा संपूर्ण बॅकअप मूळ सर्व्हरवरून घ्यावाच. डेटाबेसवर चेकसम चालू असतील तर त्या वेळी प्रत्येक पान वाचून तपासले जाते. १८ पासून नव्या क्लस्टरवर चेकसम मुळातच चालू असतात, १७ मध्ये ते आपण चालू केलेले असावे लागतात. चेकसम आता चालू करणार असाल तर त्यानंतर लगेच नवा संपूर्ण बॅकअप घ्या. आधीच्या साखळीवर पुढचे इन्क्रिमेंटल जोडू नका.

रिस्टोरची चाचणी घ्या असे सगळेच सांगतात, पण ती कुठपर्यंत न्यायची हे फारसे कोणी सांगत नाही. व्हेरिफाय बॅकअपने मॅनिफेस्टशी फाइली जुळतात एवढे कळते. मी त्यापुढे प्रत उभी करतो, वॉल चालवून ठरलेल्या वेळेपर्यंत आणतो, सर्व्हर नीट बंद करून चेकसमची तपासणी चालवतो, मग पुन्हा चालू करून पीजी अॅमचेकने टेबले व इंडेक्स तपासतो आणि शेवटी मुख्य टेबलांतली सर्वांत ताजी नोंद किती वाजताची आहे हे पाहतो. या शेवटच्या एका ओळीच्या तपासणीतून आर्काइव्ह मागे पडल्याचे मला दोनदा कळले आहे.

गिटलॅब या कोड साठवण्याच्या सेवेने २०१७ च्या ३१ जानेवारीच्या घटनेचा स्वतःच प्रसिद्ध केलेला अहवाल आपल्या चमूने एकत्र बसून वाचावा असे सुचवतो. मुख्य सर्व्हरवरचा सुमारे ३०० गीगाबाइट डेटा चुकून पुसला गेला, तेव्हा पीजी डंपचे बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे होतच नव्हते आणि ते फसल्याचे सांगणारे ईमेल डीमार्क या बनावट ईमेल रोखणाऱ्या नियमामुळे नाकारले जात होते, असे लक्षात आले. शेवटी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या एलव्हीएम स्नॅपशॉटवरून (डिस्कच्या त्या क्षणीच्या प्रतीवरून) डेटाबेस परत आणावा लागला. त्या सहा तासांतला डेटा गेला.

४ तासांच्या अटीसंदर्भात आणखी एक. सर्व्हर किंवा डिस्क गेल्यावर बॅकअपकडे धाव घेण्याची वेळ येऊ नये, त्यासाठी स्टँडबाय, म्हणजे मूळ सर्व्हरचे बदल सतत घेत राहणारा राखीव सर्व्हर, असावा. पण चुकीने चाललेला डिलीट क्षणार्धात त्या स्टँडबायवरही पोहोचतो, म्हणून दुसरा एक स्टँडबाय काही तास मागे चालेल असा ठेवावा. रिकव्हरी मिन अप्लाय डिले या सेटिंगने ते होते. चूक वेळेत लक्षात आली तर तिथे वॉल चालवणे थांबवून चुकीच्या आधीच्या क्षणापर्यंतच आणता येते आणि ६ टेराबाइट हलवावेच लागत नाहीत. हे दोन्ही बॅकअपची जागा घेत नाहीत, कारण ते त्याच जाळ्यात आणि त्याच अधिकारांखाली असतात. बॅकअपची निदान एक प्रत अशा साठ्यात हवी की मूळ सर्व्हरच्या अधिकारांनी ती पुसता किंवा बदलता येणार नाही.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर

सर्व सूचनांनुसार केलेली रचना कळवतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी मूळ सर्व्हरवरून संपूर्ण बॅकअप, दर सहा तासांनी इन्क्रिमेंटल आणि प्रत्येक इन्क्रिमेंटलनंतर बॅकअपच्या सर्व्हरवर जोडणी. जोडणीला सध्या एक तास वीस मिनिटे लागतात, म्हणजे पुढच्या इन्क्रिमेंटलच्या बऱ्याच आधी ती पूर्ण होते. आर्काइव्ह समांतर केला आहे. चार तास मागे चालणारा स्टँडबाय उभा राहिला आहे. पाया आणि इन्क्रिमेंटल यांची नोंद ठेवणारे छोटे टेबल वेगळ्या सर्व्हरवर बनवले असून जुने बॅकअप काढणारी स्क्रिप्ट आता त्या टेबलाला विचारल्याशिवाय काहीही काढत नाही. सात इंडेक्सपैकी दोन कोणीच वापरत नव्हते. ते काढल्यावर रोजचे बदल ४०० वरून ३४० गीगाबाइटवर आले.

काल संपूर्ण चाचणी घेतली. प्रत आणण्यापासून शेवटची नोंद तपासण्यापर्यंत ३ तास ४० मिनिटे लागली. अॅमचेक मात्र या वेळेत बसत नाही, त्यामुळे तो सेवा सुरू केल्यानंतर चालवायचा असे ठरवले आहे. सुधारण्यासारखी एक गोष्ट राहिली आहे: चाचणीत एकूण २५ मिनिटे एन्क्रिप्शनची किल्ली मिळवण्यात गेली, कारण ती ज्या दोघांकडे होती त्यांपैकी एक जण रजेवर होता. ती किल्ली आणखी दोघांकडे मोहोरबंद पाकिटात देत आहोत आणि पुढची चाचणी त्या नव्या दोघांकडूनच करून घेणार आहोत.